मीटर वाजला नाही

टेबलावर ॲल्युमिनियमचे तीन तुकडे होते. एक कोरा, एक क्रोमेटचा पातळ थर दिलेला आणि एक ॲनोडायझिंगचा जाड थर चढवलेला. वीज आरपार गेली की वाजणाऱ्या मीटरच्या दोन्ही पिना मी एकेकावर टेकवल्या. कोऱ्यावर मीटर वाजला, क्रोमेटवरही वाजला. तिसऱ्यावर गप्प.

"हा पास," साहेब म्हणाले. "थर पक्का बसला की आतपर्यंत काही पोचत नाही."

जेवणाच्या सुट्टीत पाळणाघरात फोन लावला. कामावर परत येऊन महिना झाला होता. रोज माझा आवाज ऐकला की लेक भोकाड पसरायची आणि माझा डबा अर्धाच राहायचा. आज मावशींनी फोन तिच्या कानाला लावला, मी हाका मारल्या, पण तिकडून काहीच नाही.

"अहो, ढुंकून बघत नाहीये! ठोकळे रचतेय," मावशी हसल्या. "सुटलात बाई एकदाच्या. आता जेवा निवांत."

डबा तसाच ठेवून मी टेबलाशी आले. कोरा तुकडा जवळ ओढला आणि त्यावर पिना टेकवून धरल्या. मीटर वाजत राहिला.

"तो तपासून झाला ना हो?" साहेबांनी पलीकडून विचारलं.

"झाला," मी म्हटलं, पण पिना उचलल्या नाहीत.