लंकाबाईंच्या स्मृतीस

"म्हंजे वाईन पिऊन मेली का ती?" पुढच्या खुर्चीवरच्या म्हातारीनं विचारलं.

खोलीत हशा पिकला. पंकजा हसली नाही. वायनरीत पाहुण्यांना फिरवून इस्टेटीचा इतिहास सांगणं हे तिचं काम, आणि आज इतिहास घसरून चालणार नव्हता. मागच्या रांगेत एडविन बसला होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलसाठी तो वाईन खरेदी करायचा. त्यानं ऑर्डर दिली तर ठीक. नाही तर मालक राधाकृष्णराव शिराज वाईनच्या द्राक्षवेली उपटून ऊस लावणार होते. कोल्हारात उसाला कुणी इतिहास विचारत नाही.

"नाही आजी, वयानं गेल्या."

"वय काय हुतं?"

"पंच्याहत्तर."

"हे काय मरायचं वय हाय?"

अशी एक म्हातारी प्रत्येक सहलीत असतेच, पण आजची जरा जास्तच सुटली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, डोक्याला घट्ट स्कार्फ, पायांत पांढरे बूट. नागापूर एमआयडीसीतल्या सहलवाल्यांना वाटत होतं ती एडविनबरोबर आलीय. एडविनला वाटत होतं ती सहलीबरोबर आलीय. म्हाताऱ्या माणसांना विचारायला कुणी जात नाही.

पंकजानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, भुवयांपर्यंत पदर आणि झेंडूचा असा दणदणीत हार की हनुवटी दिसत नव्हती. हाच फोटो लेबलं छापणाऱ्याला मोबाईलवर पाठवला होता आणि त्यानं त्यावरून शिराजचं देखणं लेबल केलं होतं. खालची 'कै. लंकाबाईंच्या स्मृतीस' ही ओळ आपल्या मनानंच घातली होती. भला माणूस. हजारो लेबलं छापूनच पाठवली.

"लंकाबाईंनी उभा ऊस मोडून काळी द्राक्षं लावली," पंकजा म्हणाली, "तेव्हा सगळं गाव हसलं. पहिली वाईन त्यांनी लोणच्याच्या बरण्यांत घातली. पण त्यांचे यजमान खंबीरपणे पाठीशी उभे राहिले."

म्हातारीला जोरदार ठसका लागला.

"पाणी देऊ का आजी?"

"नगं. खंबीर म्हणालीस ना, ते घशात अडकलं. नवरे असं कुठं उभं ऱ्हात्यात? लोणचं कुठं गेलं, म्हणून बोंबलला असंल."

सहलीतल्या बायका खुर्च्यांवर हात आपटून हसल्या. एडविनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दाराआडून राधाकृष्णरावांचं अर्धं डोकं दिसत होतं. ते अर्धंही घामाघूम होतं.

पंकजानं घाईनं ग्लास भरले आणि शेवटचा प्रसंग काढला. आजारी लंकाबाई. खाटेवर. सुनेनं चमच्यानं शिराज पाजली. त्यांनी डोळे मिटले, "जमलं" म्हणाल्या, आणि संपलं.

पहिला हुंदका म्हातारीचाच आला. मग सहल रडायला लागली. बसचा ड्रायव्हरसुद्धा नाक पुसायला लागला आणि त्याला तर वाईन मिळालीही नव्हती. म्हातारी उठली, फोटोपुढं हात जोडून उभी राहिली. फ्रेम तिरकी झाली होती, ती तिनं सरळ केली.

"कशी लागली, आजी?" एडविननं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

म्हातारीनं ग्लास रिकामा केला. "माज्या सासूसारखी. येताना तिखट, जाताना गोड."

एडविन हसला. स्वतःच्या ग्लासातला घोट त्यानं तोंडात घोळवला, गिळला आणि परत हसला. "हे आमच्या मेनूवर जाणार," तो म्हणाला. "बोलवा मालकांना. दर महिन्याला पन्नास पेट्या पाठवा."

राधाकृष्णरावांचं उरलेलं डोकंही आत आलं. पाठोपाठ सहलीनं कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या उचलल्या. बस गेली. एडविनची गाडीही फाटक ओलांडून मनमाड रस्त्याला लागली.

वेली वाचल्या होत्या. पंकजा आणि राधाकृष्णराव एकमेकांकडं बघून खुळ्यासारखे हसत राहिले.

"आता लेबलं पुरायची नाहीत," राधाकृष्णराव म्हणाले. "नवी छापायला टाकतो."

म्हातारी अजून पुढच्याच खुर्चीवर होती. तिनं काळा चष्मा काढला, स्कार्फ सोडला आणि बूट काढून पाय समोरच्या स्टुलावर ताणले.

"या खेपेला त्या छापणाऱ्याला नीट सांग, राधाकिस्ना," ती म्हणाली. "तो हार माज्या पंच्याहत्तरीचा हुता."