नवे पेशंट बंद

मधुमेहामुळे बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. सरकारी विम्याचं कार्ड चालणाऱ्या डॉक्टरांच्या यादीतला पहिलाच दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. मी फोन केला, तर रिसेप्शनवरच्या बाईंनी आजाराच्या आधी कार्ड विचारलं.

"सरकारी? मग सध्या नवे पेशंट बंद आहेत. पुढच्या महिन्यात बघा."

"त्यांना सांग, पेशंट जुनाच आहे, एकाहत्तर वर्षांचा," बाबा खाटेवरून म्हणाले.

यादीतल्या बाकीच्या सोळा जणांनीही हेच ऐकवलं. पहिल्या दवाखान्यात मी दर महिन्याला फोन करत राहिले. चौथ्या महिन्यात कार्डाचं नावच काढलं नाही, रोख देते म्हटलं. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि ते माझ्यावरच डाफरले, "अंगठा काढावा लागेल. चार महिने काय झोपा काढत होता?"

त्यांच्याच दवाखान्यात केलेल्या फोनच्या तारखा मी एकेक करून सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन उघडलं आणि केसपेपरवर लिहिलं:



'नातेवाइकांच्या हलगर्जीपणामुळे उपचारांना उशीर.'