सातपैकी सात

“‘माझ्या आयुष्यात आभार मानावेत असं पुष्कळ आहे.’ एक ते सातमध्ये किती, मावशी?” गिझलानने विचारले.

“सात,” हद्दा म्हणाली.

साफी बंदरातल्या सार्डिन मासळीच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. हद्दाला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून रबातच्या विद्यापीठातून आलेली गिझलान उलट्या क्रेटवर बसून कामगारांच्या समाधानाच्या पाहणीचे प्रश्न वाचून दाखवत होती. पाच प्रश्न झाले. पाचही उत्तरे सात.

शेजारी बसलेली यामना पावाचे तुकडे करून हद्दाच्या पुढ्यात ठेवत होती. हद्दाची बोटे पाव तोडण्यापुरतीही मिटत नव्हती.

“मावशी, मॅनेजरांनी सांगितलंय ते ऐकलंत ना?” गिझलान म्हणाली. “या पाहणीत ज्यांचे आकडे कमी, त्यांना आधी खोके भरायच्या खात्यात घेणार. तिथं मीठ नाही, पाणी नाही.”

“ऐकलंय. दोन वर्षं तेच तर मागतेय. डॉक्टर म्हणतो, आणखी एक हिवाळा खाऱ्या पाण्यात काढला तर हात कामातून जातील.”

“मग?”

“मग काय? सात.”

“अगं बाई, तीन म्हण!” यामना खेकसली. “देव काय तुझे कागद तपासत बसलाय?”

“तोच तपासतो. बाकी कोण बघतंय?”

पण हद्दाने समोरचा पाव उचलला नाही. तिने हातांकडे पाहिले.

“पाच लिही,” ती हळूच म्हणाली.

गिझलानने पेन टेकवले.

“नको, नको. अल्ला माफ कर. सातच राहू दे.”

शेवटी संमतीचा अंगठा घ्यायचा होता. गिझलानने तिचा अंगठा शाईवर टेकवून कागदावर दाबला. निळा, गुळगुळीत डाग उमटला. पुन्हा दाबला. पुन्हा तसाच. एकही रेघ नाही.

“रेघा कुठं गेल्या, मावशी?”

“बावीस वर्षं मासळी साफ करतेय, पोरी.”

सही किंवा रेघा दिसणारा ठसा नसेल तर कागद बाद, असा नियम होता. गिझलान तो बाजूच्या गठ्ठ्यात ठेवू लागली, तेव्हा हद्दाने मनगटाने तो दाबून धरला.

“बाद नको करूस. त्यावर अल्लाचे आभार आहेत.”