दोन मिनिटांचा भोंगा

नागूबाईंचा फोन आला तेव्हा शिवरंजनी आणि बसवेश एकाच पर्यायावरून तासभर वाद घालत बसले होते.

विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालवायचं अ‍ॅप या दोघांनी मुरूम गावच्या बाजारपेठेतल्या एका खोलीत बसून बनवलं होतं. शेतात वीज आली की आधी दोन मिनिटं इशाऱ्याचा भोंगा वाजे, मग मोटर सुरू होई. ही दोन मिनिटं लोकांना जड जात. वीज आधीच तुटक, त्यात आणखी थांबायचं कशाला, असं जो तो म्हणे. म्हणून बसवेशनं भोंगा न वाजवता मोटर तत्काळ सुरू करायचा पर्याय जोडला. तो सगळ्यांना द्यायचा की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. चाचणीपुरता तो एकाच विहिरीवर चालू होता, माणिकप्पांच्या.

नागूबाई माणिकप्पांची बायको. मोटर पाणी ओढत नव्हती, केबल कुठं सोलली का बघायला मालक दोर धरून विहिरीत उतरले होते, मोबाइल नागूबाईंकडं देऊन. त्यावर लाल खूण दिसतेय ती कसली, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

लाल खूण म्हणजे वीज येताच मोटर भोंग्याशिवाय सुरू होणार. शिवरंजनीनं घाईनं विचारलं, "काकू, पेटीतला खटका पाडलाय का?"

"लाईटच न्हाय की. दोनला येती."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. आणि वीज काही घड्याळ बघून येत नसे.

दुसऱ्याची मोटर इथून बंद करायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. लोकांच्या मोटरीचा ताबा आपल्या हातात नको, हे तिनंच ठरवलं होतं. नवा पर्याय नागूबाईंच्या हातातल्या मोबाइलवरून बंद करायचा तर चार पानं आत जाऊन माणिकप्पांचा गुप्त आकडा टाकावा लागे. चुकून कुणाचं बोट लागू नये म्हणून तोही तिनंच तसा दडवला होता.

तिनं जमेल तितक्या शांतपणे सांगितलं, त्यांना केबल सोडून वर यायला सांगा आणि पेटी उघडून मोठा खटका खाली ओढा. नागूबाईंनी विहिरीत हाक मारली. आतून आलेलं उत्तर नुसतंच घुमलं. येतो म्हणाले की थांब म्हणाले, कळलं नाही. पेटीला तर नागूबाईंनी जन्मात हात लावला नव्हता.

"मला भ्या वाटतंय, बाई."

"वाटू द्या. कोरडी काठी घ्या, पण ओढा."

फोनमधून चपला फटफटत गेल्या. पत्र्याचं दार करकरलं. तेवढ्यात शिवरंजनीच्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

गावची लाइन वेगळी, शेतीची वेगळी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं फोन कानाशी आणखी दाबला. बसवेश खुर्चीतून अर्धवट उठला तो तसाच राहिला. फोनमध्ये वारा वाजत होता, नुसता वारा.

"पडला," नागूबाई म्हणाल्या. मग दम घेऊन, "खटका पडला."

थोड्या वेळानं धापा टाकत माणिकप्पा बोलायला आले. त्यांच्यामागं शेजारच्या रानातली मोटर घरघरत होती. शेतात वीज आली होती. आपल्याला काही झालं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि बजावलंही, "पर ताई, त्यो भोंगा परत घालू नका. दोन मिनिटांत दोन सऱ्या भिजत्यात."

मग फोन पुन्हा नागूबाईंनी घेतला.

"बाई, मानूस हिरीत उतरलाय म्हून सांगायचं बटन ह्यात कुठंय?"

बसवेशनं पर्यायांची यादी उघडली. बावीस होते. दोघांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले, मग पुन्हा वरून. फोनवर नागूबाई थांबून राहिल्या होत्या.