पिकल्या चिकूंचा वास

"महाराज येतील ना?" वकील सुषमाने पुन्हा विचारलं.

"येणार, ताई. शब्द दिलाय त्यांनी." झिपरू कोर्टाच्या पायरीवर बसून डाव्या कानशिलावरची टाक्यांची खूण चोळत होता.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात डहाणूच्या कोर्टात बहुतेक जण गुन्हा कबूल करून मोकळे होतात. झिपरूने तसं केलं नव्हतं. कबूल केलं तर लायसन्स जाणार, आणि घोलवडच्या वाडीतला चिकू टेम्पोने नेण्याखेरीज त्याला दुसरं काम नव्हतं. शिवाय गळ्यात तुळशीची माळ. माळकरी पिऊन सापडला हे एकदा कागदावर चढलं, की वेवजीत, त्याच्या गावात, तोंड दाखवायची सोय उरली नसती.

घडलं होतं ते एवढंच. वापीच्या बाजारातून परत आलेले, पिकून लगदा झालेले चिकू घेऊन टेम्पो निघाला होता. तलासरीत नवीन महाराज या कीर्तनकारांचं काल्याचं कीर्तन आटोपलं होतं, म्हणून त्यांना वेवजीला घरी सोडायला झिपरूने सोबत घेतलं. भर दुपारी टेम्पो मोरीच्या कठड्यावर आदळला. पोलीस आले तर केबिनमध्ये आंबूस वास. चौकीतलं फुंकायचं मशीन बंद पडलेलं. डॉक्टरांनी लिहिलं, अंगाला दारूसारखा वास, चाल सरळ, बोलणं स्पष्ट. रक्त कुणी घेतलंच नाही.

तो वास फुटलेल्या चिकूंचा होता, हा सुषमाचा बचाव. आणि शेजारी बसलेले महाराज तिचे साक्षीदार.

सुषमा जवळच्याच सरावली गावची. वडिलांच्या मांडीवर बसून तिने महाराजांची कीर्तनं ऐकली होती. ते अभंगाचं चरण धरून वर चढू लागले की मृदंगवालाही क्षणभर हात आवरून बघत राही, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या पदराने डोळे टिपत. महाराजांचं नाव ऐकूनच तिने ही केस घेतली होती. तरी वकील ती वकीलच. पहिल्याच भेटीत तिने झिपरूला स्पष्ट विचारलं होतं, की काका, मला खरं सांगा.

झिपरू तेव्हा हसला होता.

"ताई, आमच्यात पिणाऱ्यानं पहिला थेंब धरतरीला द्यायचा, मागं गेलेल्यांना. बोट बुडवायचं, शिंपडायचं, मग तोंडाला लावायची. पाण्याला असं कोण करत नाय. पण रोज पिणाऱ्याचं बोट पाण्यात पण जातं, त्याला कळत पण नाय. मी सोडली तरी माझं जायचं. माझी बायको गंगी म्हणायची, तोंडानं सोडली, बोटानं नाय सोडली."

"मग?"

"मग महाराजांच्या पायाशी बसलो. हळूहळू बोट पण विसरलं." बोलता बोलता तो गंभीर झाला. महाराज त्यांच्याच पाड्यातले, तरुणपणी सगळ्यांसारखेच पिणारे. त्यांनी सोडली ती बघून घरोघर माळा आल्या, बायकांना बसणारा मार थांबला, पोरं शाळेत बसली. "ते हायेत म्हणून पाडा उभा हाये, ताई. त्यांना काय झालं तर सगळंच गेलं."

पुकारा झाला.

आधी हवालदार. सुषमाने त्याच्याकडून मशीन बंद असल्याचं वदवून घेतलं. चिकू केबिनभर पसरले होते हेही त्याने मान्य केलं. मग जरा चिडूनच तो म्हणाला, "पण टेम्पो केवढ्या वेगात होता बघा, साहेब. स्टिअरिंग छातीच्या धक्क्याने वाकलेलं, डाव्या दाराची काच डोकं आपटून फुटलेली. शुद्धीतला माणूस असा आदळतो का?"

न्यायाधीशांनी काहीतरी टिपून घेतलं.

झिपरू पिंजऱ्यात उभा राहिला. गाडी मीच चालवत होतो, थेंबही घेतला नव्हता, एवढंच त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. सरकारी वकिलांनी माळेवरून टोमणा मारला, गळ्यातली माळ काय, रात्री खुंटीला टांगतोस का? झिपरूने माळ मुठीत धरली. त्याचे ओठ कोरडे पडले होते. सुषमाने स्वतः टेबलावरचा पाण्याचा ग्लास भरून त्याच्या हातात दिला आणि त्याच्या बोटांवर नजर ठेवली.

झिपरूने ग्लास सरळ तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला.

सुषमाचा जीव भांड्यात पडला. आता तिला कुणाच्या शपथेची गरज नव्हती.

तेवढ्यात दारात हालचाल झाली. पांढरं धोतर, कपाळी बुक्का. महाराज आले होते. मागच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली, शिपायाने नकळत हात जोडले. महाराज हळूहळू चालत होते, एक हात छातीवर. अपघातापासून तिथली कळ जात नव्हती, वरचा सूर लागत नव्हता, लागोपाठ कीर्तनं रद्द झाली होती. झिपरू त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर फरशीवर होती.

महाराजांनी शपथ घेतली. शब्द स्वच्छ होते.

सुषमाने नेहमीसारखी सोप्या प्रश्नापासून सुरुवात केली. "महाराज, त्या दुपारी टेम्पो कोण चालवत होतं?"

वर पंखा कुरकुरत होता. महाराजांनी झिपरूकडे पाहिलं. झिपरूने मान वर केली आणि त्यांच्यापुढे नुसते हात जोडले.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

महाराजांनी घसा खाकरला. "जरा पाणी मिळेल का, बाळ?"

सुषमाने तोच ग्लास भरून आदराने दोन्ही हातांनी पुढे केला. महाराजांनी तो घेतला, डोळे मिटले, उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि फरशीवर दोन थेंब शिंपडले.