एक्केचाळीसच्या गोळ्या

"एक्केचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर दाखव रे," एकट्या राहणाऱ्या ओपलकाकू माझ्या दुकानात शिरताच म्हणाल्या. "काकू, सबंध मॉन्टानात ते कोण घेतं हल्ली? त्याच्या गोळ्या मी ठेवतसुद्धा नाही. ओढ्यापलीकडे नवीन राहायला आलेले विधुर ऑर्विल तेवढे रिकाम्या पुंगळ्यांत दारू भरून त्या घरी बनवतात, आणि समोर बसवून कॉफी पाजल्याशिवाय देत नाहीत." "चालेल." "एका वेळी दहा-बाराच देतात." "मग तर हेच बांध." महिन्याभराने ऑर्विल बंदुकीची दारू न्यायला आले. दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. "त्या ओपलबाईंचा नेम फारच कच्चा दिसतोय," काळजीने म्हणाले. "दर दोन दिवसांनी गोळ्या संपवून दारात हजर. आता म्हणतो, मीच नेम धरायला शिकवतो." मी "बरं होईल" म्हणालो आणि हळूच सरकून भिंतीवरचा फोटो पाठीआड झाकून उभा राहिलो. त्यात ओपलकाकू राज्याचा नेमबाजीचा चषक घेऊन हसत होत्या.