रानतुळशीचा चौथा अहवाल

सहीसाठी उघडलेलं पेन आम्रपालीने पुन्हा मिटलं. युजेनॉल ४१.३७ टक्के. सिनिओल ६.०८. कापूर १.१२. हे आकडे तिने आधी कुठेतरी वाचले होते. तिने फाइलमधून रानतुळशीच्या तेलाचे मागचे तीन अहवाल काढले आणि पत्ते मांडावेत तसे टेबलावर ओळीने मांडले. चारही कागदांवर तेच आकडे, दुसऱ्या दशांशापर्यंत. चारही कागदांवर खाली तीच ओळ: घातक घटक मर्यादेत.

पहिली बाटली भर पावसाळ्यात आली होती, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी फेब्रुवारीत. आता एप्रिल संपत आला होता. रानातलं झुडूप ऊन-पाण्याप्रमाणे आपलं तेल बदलतं. बारा महिने एकच तेल देणारी रानतुळस आम्रपालीने पाहिली नव्हती.

तेल आणणारे जयसिंग बाहेर बाकावर बसले होते. पानशेतच्या पलीकडे त्यांची वाडी. तिथल्या बायकांचा गट रानतुळस खुडून तांब्याच्या भांड्यात वाफेवर तेल काढायचा आणि सर्दी झालेल्या तान्ह्या पोरांच्या छातीला चोळायला घरोघर द्यायचा. ते तपासायला वारज्याच्या या प्रयोगशाळेत आणायचं काम जयसिंगांचं.

आम्रपालीने त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"जयसिंगराव, खरं सांगा. चांगल्या तेलाची एक बाटली भरून ठेवलीय आणि दर खेपेला त्यातलंच आणताय ना? वाटताय मात्र दुसरंच."

जयसिंगांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता.

"ताई, फसवायचं असतं तर एकदाच कागद नेला असता. चार चार वेळा येष्टीचं धक्के खात कशापायी आलो असतो?"

"मग का येता?"

"दिवाळीच्या आधी वाडीत दोन पोरांना झटके आलं. डोळंच फिरवलं त्यांनी. बायांनी तेल बंद केलं अन् मी दुसरी बाटली घिऊन आलो. तुमचा कागद आला, समदं ठीक हाय. पुन्हा सुरू केलं. मग आणखी एक पोर. पुन्हा तुमचा कागद. परवा चौथ्या पोराला झटके आलं."

सिनिओल किंवा कापूर जास्त झाला, तर तान्ह्या मुलांना झटके येतात. हे आम्रपालीला पाठ होतं.

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत?"

"इचारत्यात की, काय लावता का पोराला? आम्ही कागद दावतो. लॅमिनेट करून अंगणवाडीत टांगलाय त्यो. मग डॉक्टर म्हणत्यात, तापाचं असंल." त्यांनी खिशातला फोन चाचपला. "माझी नात चाळीस दिवसांची हाय. नाक चोंदलंय तिचं. कागद हातात पडला की फोन करा म्हणलीय सूनबाई. बाटली पुढ्यात घिऊन बसलीया."

तेवढ्यात दार ढकलून दिग्विजयसर डोकावले. प्रयोगशाळा त्यांची, आणि यंत्रावर नमुने लावायचं कामही ते स्वतःच करायचे. आम्रपालीचं काम आकडे तपासून सही करायचं.

"काय मॅडम, चार आकडे वाचायला मुहूर्त लागतो का? सही करा. त्यांना गावाला जायचंय."

"सर, ही चौथी बाटली तुम्ही केव्हा लावलीत?"

"रानतुळस आहे ती, आम्रपाली. हापूस नाही, दर पेटीची चव बघायला." आणि ते गेलेही.

"तुम्ही बाहेर बसा," ती जयसिंगांना म्हणाली. "फोन करू नका. मी आलेच."

तिने संगणकावर चारही चाचण्यांचे मूळ आलेख उघडले. टक्केवारी नव्हे, तिच्या आधीचे कच्चे आकडे. हे तिने आजवर कधी उघडून बघितले नव्हते. बघायची वेळ आली नव्हती. आलेखातल्या युजेनॉलच्या शिखराचं क्षेत्रफळ, ज्यावरून टक्केवारी काढतात, सात अंकी होतं आणि सातही अंक चारही वेळा तेच होते. एकच तेल, एकाच सुईने, पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा लावलं तरी शेवटचे अंक हलतात. जयसिंगांनी एकच बाटली चारदा आणली असती, तरी असं झालं नसतं. ही एकच चाचणी होती, चार वेळा छापलेली.

निदान पहिली चाचणी तरी खरी असेल, असं स्वतःला सांगत ती मागच्या खोलीत गेली. उरलेले नमुने तिथल्या शीतकपाटात वर्षभर जपून ठेवायचे असतात. खालच्या फळीवर वाडीच्या तीन बाटल्या रांगेत उभ्या होत्या. तिने पहिली उचलून दिव्यासमोर धरली. बुचाभोवती सुतळी, सुतळीवर लाल लाख आणि लाखेत कुण्या बाईच्या अंगठ्याचा ठसा. लाखेला कुठे तडा नव्हता. तेल गळ्यापर्यंत भरलेलं होतं. दुसरीही तशीच. तिसरीही. चौथी सरांच्या खोलीतल्या ट्रेमध्ये होती. ती घेऊन यायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही; तिचीही लाख शाबूत होती.

मग तो आलेख कुठल्या तेलाचा होता, ते फक्त सरांना ठाऊक.

ती चारही बाटल्या छातीशी धरून बाहेर आली. जयसिंग उभे होते, सुनेचा आलेला फोन कानाला लावून.

"सूनबाई, थांब. ताई आल्या बघ." त्यांनी फोनवर हात ठेवला. "रडून रडून लाल झालीया पोर. लावू दे का?"

"नको! एक थेंबही नको. आणि वाडीतल्या प्रत्येक घरी सांगा, आत्ताच्या आत्ता."

जयसिंगांचा हात फोनवरून खाली आला. पलीकडे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"काय निघालं ताई, तेलात?"

आम्रपालीने बाटल्या एकेक करून बाकावर ठेवल्या.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आम्ही अजून एकही उघडलेली नाही."